सासूबाईंचं चिवट पाप

पाप पिवळ्या फडक्यावर लाल उमटतं, ही बातमी निपाणीभर झाली आणि आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीच्या देवळासमोर चपला काढायला जागा उरली नाही. बिड्या वळणाऱ्या बायका सुपं तशीच टाकून आल्या. तंबाखूच्या वखारीतले हमाल आले. हायस्कूलचे एक मास्तर आपण आल्याचं कुणाला दिसू नये म्हणून छत्री उघडून आले, आणि आकाशात ढगाचा ठिपका नसल्यामुळे सगळ्या गावाला दिसले.

मी रेवूला कडेवर घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होते. रेवू अजून वर्षाची व्हायची होती, दात येत होते, आणि गर्दी म्हटली की मला गोवर, डांग्या खोकला आणि चेंगराचेंगरी एवढंच दिसतं. तरी गेले होते, कारण सासूबाई गेल्या होत्या, आणि त्यांना एकटं सोडणं मला त्याहून धोक्याचं वाटत होतं.

मांडवात भंडारमहाराज बसले होते. हळदीत बुडवून काढलेलं धोतर, तसंच उपरणं, कपाळभर भंडारा. पुढ्यात पाट, पाटावर भंडाऱ्यात भिजवलेलं ओलं फडकं ताणून बसवलेलं. हे घटप्रभेच्या पलीकडून कुठून तरी आले होते. नक्की गाव कोणतं असं विचारलं की म्हणत, "साधूला गाव नसतंय, गावाला साधू असतोय." हे ऐकून लोक माना डोलवत. मीही एकदा डोलवली, मग याचा अर्थ काय म्हणून विचार करत बसले. काही निघाला नाही.

"हात धुऊन यायचं न्हाय," महाराज सांगत होते. "धुतलेला हात म्हंजे देवीला फसवणं झालं बघा. शेतातनं आलाय, शेताचा हात आणा. वखारीतनं आलाय, वखारीचा हात आणा. आत काय हाय ते आई बघून घेत्या."

माणूस पुढे यायचा, दोन्ही तळवे फडक्यावर दाबायचा, उचलायचा. आणि फडक्यावर लालभडक डाग. गर्दीतून एक लांब "हाऽऽ" निघायचा. महाराज डोळे मिटून डागाचा अर्थ सांगायचे.

आमच्या गल्लीच्या भजनाचे पुढारी मारुतीराव. मुंगी दिसली तर वाट बदलणारा माणूस. त्यांच्या हाताखाली डाव्या तळव्याच्या मधोमध आणि उजव्या अंगठ्याच्या जागी असे दोन ठळक लाल डाग उमटले.

"डाव्या हातानं काय तर घेतलाय तुम्ही," महाराज म्हणाले, "आणि उजव्या अंगठ्यानं दाबून टाकलाय. आठवा."

मारुतीराव पांढरेफटक पडले. "घेतलं असंल महाराज," ते म्हणाले. "इतकं वय झालं, काय तरी घेतलं असंलच."

हीच तर महाराजांची खुबी होती. कुठल्याही वयस्क माणसाला सांगा, तू काहीतरी घेतलंस आणि दाबलंस. तो घरी जाऊन शोधत बसेल, आणि त्याला सापडेल.

मग परशराम आला. या परशरामाला अंधार पडल्यावर स्वतःचं घर सापडत नसे, दुसऱ्यांच्या कोंबड्या मात्र बरोबर सापडत. लोक मजा बघायला पुढे सरकले. परशरामनं हात पुसले न पुसले आणि फडक्यावर दाबले. उचलले. फडकं पिवळंधमक.

सगळ्यांनी माना पुढे काढून फडकं पाहिलं. महाराजांनीही एकदा फडक्याकडे आणि एकदा परशरामाकडे पाहिलं. परशरामाच्या तोंडाचा दारूचा वास तिथपर्यंत पोचला असावा. पण महाराज मुरलेले. त्यांनी हात जोडले. "असा निर्मळ जीव या गावात हाय आणि तुम्ही त्याला वळखलं न्हाय."

ज्यांच्या कोंबड्या गेल्या होत्या ते परशरामाच्या पाया पडायला सगळ्यांत पुढे होते.

त्यानंतर सासूबाई उठल्या. नऊवारीचा पदर सावरत, गल्लीतल्या प्रत्येकाकडे एकदा बघत, परीक्षेत पहिला येणारा मुलगा निकाल आणायला जातो तशा. आमच्या सासूबाईंचं सोवळं गल्लीत प्रसिद्ध. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. शिळं पोळीचं पीठसुद्धा त्या विचारून वापरत. कुणाला विचारून ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी हात दाबले, उचलले.

डावा तळवा, उजवा अंगठा. लाल. मारुतीरावांच्यापेक्षा लाल.

*

शुद्धीची सोय होती. महाराजांचा चेला रवळू तांब्यातलं तीर्थ हातावर ओतायचा, मंत्र व्हायचा, दक्षिणा व्हायची, आणि नंतर हात दाबला तरी फडकं पिवळंच राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडताळ्याला यायचं. बहुतेकांना महाराज पडताळा माफ करत. सासूबाईंना माफी नको होती. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. लाल. पुन्हा शुद्धी केली, पुन्हा गेल्या. लाल.

"असलं चिवट पाप मी कुठं बघिटलो न्हाय," महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच आदर होता.

यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते सांगताना मला हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. सासूबाई स्वतःचं पाप शोधू लागल्या. सकाळी उठून ओसरीवर बसत आणि जो येईल त्याला एक पाप सांगत. दूधवाल्याला सांगितलं की भावजयीचा शालू चांगला नाही असं मी म्हणाले होते, पण तो चांगला होता. शेजारच्या तानीबाईला सांगितलं की देवाला वाहते ती जास्वंद तुझ्या परसातली.

"तरीच म्हटलं माझी फुलं जात्यात कुठं," तानीबाई म्हणाली. "मी आपली उगंच शाळंच्या पोरांस्नी शिव्या देत बसले. वैनी, आता त्यांचं पाप मला लागंल न्हवं?"

माझे यजमान उपेंद्र वकील. त्यांना सांगितलं की तू लहान असताना पोथी वाचताना मी दोन पानं एकदम उलटली होती, कळूनही मागे गेले नाही.

"आई, हे कोर्टात टिकणार नाही," उपेंद्र म्हणाले.

"देवीचं कोर्ट वेगळं."

"तिथं उलटतपासणी नाही का?"

"तुझ्यासारखी पोरं जन्माला आली, हीच माझी उलटतपासणी."

इथवर गंमत होती. पण सासूबाई एकवेळ जेवायला लागल्या, तेही अर्धं. आणि रेवूला शिवेनाशा झाल्या. माझा हात लागला तर लेकराला बाधेल, म्हणत. रेवू रांगत त्यांच्याकडे जायची, त्या मागे सरकायच्या. भिंत आली की काठीने खुळखुळा दुसऱ्या बाजूला ढकलायच्या, म्हणजे ही तिकडे वळेल. रेवूला वाटायचं खेळ आहे. ती हसायची आणि परत फिरायची. आजीच्या मांडीवर झोपणारी पोर, संध्याकाळी तिथंच जायचा हट्ट करायची, आणि दोघी दोन कोपऱ्यांत रडायच्या. मी मधे. मला तर कुणी एकजण रडलं तरी ताप आल्यासारखं होतं.

अशात महाराजांनी जाहीर केलं की नवरात्र बसायच्या आत आपण निघणार, आणि सासूबाईंनी आपल्याबरोबर मठात येऊन राहावं. फडकं पिवळं राहीपर्यंत.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"पाप ठरवंल," महाराज म्हणाले.

मी परत येताना डोक्यात मोजणी करत होते. मला सवय आहे. कॉलेजात तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाले, बेळगावला, शहापूरच्या माहेरून रोज चालत जाऊन. पण नोकरी केली नाही, म्हणून ते सगळं तर्कशास्त्र लेकराच्या सर्दीवर खर्च होतं. तर मला दिसत होतं ते असं: चोर, सावकार, भांडखोर, सज्जन, सगळ्यांचे डाग एकाच जागी. डावा तळवा आणि उजवा अंगठा. निपाणीतल्या यच्चयावत माणसांनी एकाच हाताने पाप घेऊन एकाच बोटाने कसं दाबलं? कुणी उजव्या हाताने घेणारा नव्हताच का? आणि परशराम?

विचार तिथवर जाई आणि रेवू खोके. मग मी खोकल्याचा विचार करी.

*

त्या दुपारी मी चौकात दूध बघायला गेले. परत आले तर घर शांत. रेवू चटईवर बसून खुदुखुदु हसत होती. आणि तिच्या झबल्यावर, छातीवर, दोन लाल डाग. दोन्ही काखांपाशी.

मी झबलं ओढून काढलं. छाती बघितली, पाठ, काखा, कानाच्या मागे, हिरड्या, बोटं एकेक करून. कुठे ओरखडा नाही. रेवूला हा खेळ फार आवडला. तिने माझं नाक धरलं.

"तिला काही लागलेलं नाही," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "मी उचललं तिला. रडत होती गं, फार रडत होती. उचललं नि छातीशी धरलं. आणि माझं पाप तिच्या अंगावर उमटलं बघ."

"आत्याबाई, असं काही—"

"डोळ्यांनी दिसतंय ना तुला? शिकलेली आहेस ना? मग दिसतंय ते बघ." त्या उठल्या. "उद्या महाराज निघणार आहेत. मी जाते त्यांच्याबरोबर. परत येईन की नाही ते देवी जाणे. माझं पातळ इस्त्रीला टाकलंय ते आण."

मी झबलं हातात घेऊन परसात गेले. आधी वास घेतला. आयांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची खोड असते. वरणाचा वास होता. सकाळी रेवूने वरणभात जेवढा खाल्ला होता त्याच्या दुप्पट अंगावर घेतला होता, छाती पिवळी झाली होती. आणि लाल डागांना वास होता तंबाखूचा.

मग मी दगडावर पाणी ओतलं, झबलं भिजवलं आणि साबण लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत वरणाचा तो अख्खा पिवळा पट्टा लाल झाला.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. हे मी जन्मभर बघत आले होते. शहापूरच्या घरी पहिल्यांदा धुणं धुताना मी रडत आईकडे गेले होते आणि ती म्हणाली होती, हळदीला साबण लागला की लाल होतं, धू म्हणजे जातं. निपाणीतली प्रत्येक बाई हे रोज सकाळी बघते. तरी मांडवात लाल डाग बघून प्रत्येक बाई "हाऽऽ" करते. धुण्याच्या दगडावरची अक्कल आपण देवळात जाताना घरी ठेवून जातो, चपलेसारखी देवळाच्या दारापर्यंतसुद्धा नेत नाही.

पण मांडवातल्या हातांना साबण नव्हता. मग काय होतं? डाव्या तळव्यावर काय घेतात आणि उजव्या अंगठ्याने काय दाबतात? निपाणीत हा प्रश्न पडायला मला इतके दिवस लागले याची लाजच वाटली. तंबाखू घेतात. आणि चुना घालून अंगठ्याने मळतात.

पानाच्या तबकातला चुना बोटावर घेऊन हळदीत टेकवला. लाल. त्यावर लिंबू पिळलं. पिवळं. रवळूच्या तीर्थात काय असणार तेही कळलं.

सासूबाईंची तंबाखूची चंची तांदळाच्या डब्यामागे असते हे मला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं. मी कधी बोलले नव्हते. मला माहीत आहे हे त्या जाणून होत्या, त्याही बोलल्या नव्हत्या. परीक्षेच्या धास्तीने देवळात निघण्याआधी त्या चिमूट मळत असणार. जितकी धास्ती मोठी तितकी चिमूट मोठी, आणि तितका डाग लाल.

मी बशीत सगळं घेऊन त्यांच्यासमोर बसले. करून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. डोकं तल्लख आहे त्यांचं.

"म्हणजे हाताला चुना असला तर," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या हाताला चुना कुठून येणार?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा होता तिकडे दोघींनीही पाहिलं नाही.

"मी पानाला चुनासुद्धा काडीने लावते," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते दुसऱ्यांचं असेल. माझं पाप ते पापच."

आणि त्या गाठोडं बांधायला गेल्या. तेव्हा मला खरी भीती वाटली. ही बाई पापी म्हणून गावभर मिरवायला तयार होती, नातीला सोडून मठात भांडी घासायला तयार होती, पण पदराआड तंबाखू मळते असं कुणी म्हटलेलं तिला चालणार नव्हतं. पापाचा जाब निदान देवी तरी विचारते. तंबाखूचा जाब गल्ली विचारते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर महाराजांना निरोप द्यायला गाव लोटलं होतं. नवरात्रासाठी देवळाच्या भिंतींना चुना मारायचं काम चालू होतं. मष्णू गवंडी कुंचा बादलीत टाकून तोही दर्शनाला आला होता. सासूबाई गाठोडं घेऊन पहिल्या ओळीत. परशराम महाराजांच्या शेजारी, हार घालून, तोंड एवढंसं करून. आठवडाभर लोक त्याला भांडणं सोडवायला बोलावत होते आणि संध्याकाळी घरापर्यंत पोचवायला येत होते, त्यामुळे बिचाऱ्याला गुत्त्यावर जायला मिळालं नव्हतं.

उपेंद्रांनी रेवूला घेतलं. माझ्या पिशवीत साबणाची वडी, चुन्याची डबी आणि लिंबू. चार माणसांत बोलायची मला सवय नाही; मी फक्त डॉक्टरांशी भांडते.

"महाराज," मी म्हणाले, "जायच्या आधी एक शंका होती. धुण्याचा साबण लावलेला हात फडक्यावर ठेवला तर?"

मी माझाच ओला साबणाचा हात ठेवला. लाल उमटला. बायकांत कुजबुज झाली.

महाराज हसले. "साबणात काय असतंय ठावं हाय? चरबी. कुठल्या जनावराची, ते आणि विचारू नका. पाप लागणारच की."

लोकांनी माना डोलवल्या. पण मागून तानीबाई म्हणाली, "आगं बया, आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की असंच हुतंय की. ते बी पापच व्हय? मग माझ्या पोरानं आमटी प्यायची का न्हाय?"

दोन-तीन बायका हसल्या. महाराजांनी त्यांच्याकडे बघितलं. बायका आणखी हसल्या.

"आता यात चरबी नाही," मी चुन्याची डबी काढली. "कुणी निष्पाप माणसानं हात पुढे करावा."

कुणाला वाटलं नव्हतं, पण परशराम उडी मारून उठला. "वैनी, माझा घ्या." हार मागे टाकून त्याने डावा तळवा पुढे केला. "भरपूर लावा. हात आखडू नका."

"परशराम, तू तंबाखू खात नाहीस?"

"तोंड आलतं वो. डाक्टरनं बंद केलंय. न्हायतर मी कशाला सोडतोय."

मी चुना लावला. त्याने हात दाबला, उचलला. टकटकीत लाल. परशरामाच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी फक्त शाळा सुटलेल्या पोरांच्या तोंडावर पाहिला आहे. "झालं. म्या पापी," तो गर्दीला सांगू लागला. "बघितलंसा न्हवं सगळ्यांनी? आता माझ्या मागनं कुणी यायचं न्हाय सांजच्याला."

"लपलेलं पाप बाहेर आलं," महाराज म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"मग हे कुठं गेलं?" मी त्या डागावर लिंबू पिळलं. पिवळं. शेजारच्या साबणाच्या डागावर रवळूच्या तांब्यातलं तीर्थ ओतलं. तेही पिवळं. "मारुतीराव, तुम्ही भजनी माणूस, तीर्थ तुम्ही घ्या आणि चव सांगा."

मारुतीरावांनी ओंजळ केली, भक्तिभावाने प्यायले, आणि थांबले. पुन्हा थोडं घेतलं.

"चिंच," ते म्हणाले. "जुनी हाय. आमच्यात आमटीला घालत्यात तीच."

आता गर्दीचा आवाज बदलला. प्रत्येक पुरुष स्वतःचा डावा तळवा बघत होता. कुणी अंगठ्याचा वास घेतला. छत्रीवाले मास्तर छत्री मिटून पुढे आले.

महाराज उभे राहिले. "गप. चुना म्हंजे काय वस्तू हाय? भट्टीत जीव जाळून करत्यात. शिंपलं, किडं, किती जीव. चुन्यातच पाप हाय. जिथं चुना तिथं पाप. देवी खोटं सांगत न्हाय."

हे ऐकून काही लोक पुन्हा डळमळले. तेव्हा सासूबाई उठल्या.

मला वाटलं गाठोडं घेऊन निघाल्या. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, पाटावरचं ओलं फडकं ओढून काढलं आणि सरळ देवळाच्या भिंतीपाशी गेल्या, जिथला चुना अजून ओला होता. फडकं भिंतीवर चापून बसवलं. काढलं तेव्हा त्यावर पिवळं फारसं उरलं नव्हतं.

"ही देवीची भिंत," त्या महाराजांना म्हणाल्या. त्यांचा आवाज मी लग्न झाल्यापासून इतका चढलेला ऐकला नव्हता. "हिलाही पापच लागलं म्हण. डाव्या हातानं काय घेतलं होतं रे माझ्या लक्ष्मीनं? सांग ना."

महाराज उपरणं सावरू लागले.

"मला पापी म्हणालास, मी ऐकून घेतलं. माझ्या हातून काहीतरी झालं असेल. पण देवीच्या भिंतीला म्हणशील तर चालणार नाही."

मग त्या गर्दीकडे वळल्या. कमरेला हात घातला. चंची काढली. एरवी ती तांदळाच्या डब्यामागे असे. त्या दिवशी प्रवासाला म्हणून बरोबर घेतली होती.

"मी तंबाखू खाते," सासूबाई म्हणाल्या. "चुना घालून. लग्नाआधीपासून. इथं यायच्या आधी रोज खाऊन येत होते. कुणाला काही म्हणायचंय?"

प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. मग तानीबाई म्हणाली, "वैनी, कुठली वापरता? आमची लई उग्र लागत्या."

आणि गाव हसायला लागलं. दरडावणाऱ्याला दरडावता येतं, हसणाऱ्याला काय करणार. रवळू मागच्या मागे तांब्या ओतून टाकत होता. दुपारच्या गाडीने दोघेही कोगनोळीच्या बाजूला निघून गेले. परशराम स्वतः त्यांची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत गेला. म्हणाला, पुन्हा चुकून परत यायला नकोत.

*

मी सांगितलं ते काही फार मोठं शास्त्र नाही. हळद, चुना, चिंच. घराघरात आहे. तुम्ही आजच करून बघा, आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या अंगावर पाप उमटवून दाखवलं तर ते आणखी कशाकशाने उमटतं तेही बघा. देवीला याचा राग येत नाही. आमच्या सासूबाई अजून सगळे उपास करतात, देवळात रोज जातात. फक्त देव आणि आपण यांच्यामध्ये तांब्या घेऊन बसलेल्या माणसाकडे नीट बघून घेतात. आपण काय केलं, कुणाचं नुकसान केलं, हे ज्याचं त्याला फडक्यावाचून कळतं. तानीबाईला आता जास्वंदीच्या बदल्यात दर शुक्रवारी आमच्याकडून नारळाची वडी जाते. पापाचा निकाल असा लावता येतो.

आणि भीतीबद्दल मला थोडं बोलायचा हक्क आहे, कारण माझ्याइतकं भिणारं माणूस गल्लीत दुसरं नाही. भ्यायचंच असेल तर खऱ्या गोष्टीला भ्या. त्या दिवशी देवळातून घरी आलो तेव्हा सासूबाई रेवूला घ्यायला धावल्या आणि मी आडवी गेले. त्या जागच्या जागी थांबल्या, तोंड उतरलं.

"पापाचं नाही हो, आत्याबाई," मी म्हणाले. "चुन्याचा हात आहे. तिच्या डोळ्यात गेला तर डोळा जाईल."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग असं आधी सांगावं ना."

त्या परसात गेल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला पुसले, दोन्ही तळवे मला उलटसुलट करून दाखवले. मी नीट बघितले. मग रेवूला त्यांच्या हातात दिलं.